पडद्यावरची जर, मांडीवरची रिंग

ऐतिहासिक आणि अद्भुत मालिका बघता बघता भरतकाम करणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. त्यातल्या निवडक प्रश्नांना ही उत्तरं.

कोरियन आणि चिनी ऐतिहासिक मालिका बघताना हातात भरतकामाची रिंग असते. पण पडद्यावर खाली येणाऱ्या भाषांतराच्या ओळी वाचायच्या की टाका बघायचा? शेवटी मालिकाही नीट बघून होत नाही आणि कामही उसवावं लागतं. अशा वेळी काय भरायला घ्यावं? (वाचक, मडगाव)

मालिका हिंदीत डब केलेली असेल तर कानांवर काम भागतं, डोळे कापडाला देता येतात. ओळी वाचायच्या असतील तर नजर दर दोन-तीन सेकंदांनी वर जाते. म्हणून धागे मोजून करायचं काम त्या वेळी घेऊच नये. अनेक रंगांचं क्रॉस स्टिच नको आणि धारवाडकडची कसुती तर नकोच. कसुतीतल्या गवंती टाक्यात जाताना एक टाका सोडून एक भरायचा आणि परतीच्या फेरीत मोकळ्या जागा भरायच्या. जाताना एक धागा चुकला तरी ते कळतं परतीच्या वाटेवर, रेघ जुळत नाही तेव्हा. तोवर भाग संपलेला असतो आणि वीतभर काम उसवायचं असतं.

ओळी वाचता वाचता जमतात ती कामं ही: आखलेल्या रेषेवरचा साखळी टाका, देठ टाका, एकाच रंगाची पार्श्वभूमी, आणि सगळ्यात सोपा गोधडीचा धावदोरा. मोजायचं आणि रंग बदलायचं काम ‘मागील भागात’ चालू असताना उरकावं.

तयारी मालिका सुरू होण्याआधी करावी. दोरा ४५ सेंटीमीटरचा कापा, म्हणजे साधारण कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. त्याहून लांब घेतला की प्रत्येक टाक्याला कापडातून घासून त्याची चमक जाते, लव सुटते आणि गाठी बसतात. सहा पदरी दोऱ्याचे पदर एकेक करून ओढा आणि मग हवे तेवढे पुन्हा एकत्र करा. एकदम दोन-तीन पदर ओढले तर पीळ तसाच राहतो आणि भरलेली पाकळी ओबडधोबड दिसते. ८ मीटरच्या लडीतून असे १७ तुकडे निघतात. दोन पदरांनी भरायचं असेल तर एका तुकड्यात तीन सुया ओवता येतात, म्हणजे लडीमागे ५१. एका भागाला आठ-दहा सुया ओवून पिनकुशनला टोचून ठेवल्या की पुरतात.

उजव्या हाताने भरणाऱ्यांनी दिवा डाव्या बाजूला, खांद्यापेक्षा थोडा वर ठेवावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. खोलीत पूर्ण अंधार करू नका. उजळ पडद्यावरून काळोख्या कापडाकडे नजर सारखी नेली की डोळे लवकर थकतात. आणि लढाईचे प्रसंग आले की साखळी टाका हमखास आवळला जातो. कापडाला चुणी दिसू लागली की समजा, सेनापती पडला. तेवढा वेळ सुई टोचून ठेवलेली बरी.

‘यांक्शी पॅलेस’ची नायिका राजवाड्याच्या भरतकाम विभागात दासी असते. चिनी भरतकामात नक्षीचा काही भाग बारीक दाण्यांनी भरलेला असतो, त्या गाठी घरी जमतील का? (वाचक, फोंडा)

जमतील. २०१८ मधली ही मालिका छिंग घराण्यातल्या छ्यानलोंग सम्राटाच्या काळात घडते आणि तुम्ही म्हणता तो टाका चीनमधला जुना आहे. आपण फुलाच्या मध्याला घालतो त्या फ्रेंच गाठीचा तो भाऊच, पण वळसा एकच असतो आणि तोही कापडाला टेकून. त्यामुळे दाणा उंच न होता चपट्या कडीसारखा बसतो, मध्ये बारीक खळी दिसते.

सुई कापडावर काढा. दोरा डाव्या हाताने धरून बाहेर आलेल्या जागेभोवती छोटं कडं कापडावरच आडवं ठेवा. सुईचं टोक त्या कड्याच्या आत, पहिल्या छिद्राला खेटून टोचा, पण त्याच छिद्रात नको, नाहीतर गाठ मागे निघून जाईल. सुई अर्धी आत असताना दोरा ओढून कडं सुईभोवती बसवा, अंगठ्याने दाबून ठेवा आणि मग सुई खाली न्या. दोरा सोडायची घाई केली तर कडं सैल पडतं. एकदा आवळून आणि एकदा सैल घातलं तर दाणे लहानमोठे होतात, इथे खरी परीक्षा हीच.

आधी आकाराच्या कडेने एक ओळ घाला, मग आत आत या. दोन पदरांचा दाणा साधारण दीड मिलिमीटरचा होतो. म्हणजे इंचभर चौकोनाला अडीचशेच्या वर दाणे लागतात. पहिल्यांदा करताना एका पाकळीपेक्षा जास्त घेऊ नका. या टाक्यामुळे कारागीर आंधळे होत, म्हणून त्यावर बंदी आली, अशी एक गोष्ट सांगितली जाते. तिला पुरावा नाही.

मालिकेतल्या राणीच्या पैठणीवरचा मोर भरून हवा आहे. कोणता टाका? (वाचक, डिचोली)

तो मोर भरलेला नसतो, विणलेला असतो. पैठणीत नक्षीपुरताच रंगीत आडवा धागा तेवढ्या जागेत फिरतो, पूर्ण पन्हाभर जात नाही. चिनी मालिकांतलं ‘कस्स’ कापडही याच जातीचं. त्यात दोन रंगांच्या मध्ये बारीक फट राहते, पैठणीत धागे एकमेकांत अडकवलेले असतात. भरूनच हवा असेल तर मोर चौकटीच्या कागदावर उतरवून १४ काउंटच्या, म्हणजे इंचाला १४ चौकटींच्या, कापडावर क्रॉस स्टिच करा. ७० चौकटी रुंद आणि ९८ उंच मोर ५ बाय ७ इंचांचा होईल. चारही बाजूंना तीन-तीन इंच सोडून कापड ११ बाय १३ घ्या. सुई २४ नंबरची, बोथट टोकाची.

गावच्या जत्रेला ऐतिहासिक नाटक आहे. मालिकेत दिसतो तसा जरीकाम केलेला अंगरखा आणि शेला घरी करायचा आहे. महिनाभर वेळ आहे. जरदोजी शिकावी का? (वाचक, पेडणे)

महिन्याभरात जरदोजी नको. खाटेवर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ताणलेल्या कापडावर सलमा-दबक्याचे, म्हणजे गुंडाळलेल्या पोकळ जरतारेचे, तुकडे मण्यांसारखे ओवून बसवायचे असतात. वीतभर काम करायला सरावलेल्या हातालाही वेळ लागतो. शिवाय कॅमेरा नटाच्या गळ्याशी जातो, जत्रेतला प्रेक्षक मांडवात वीस-पंचवीस हातांवर बसलेला असतो. तिथून बारीक काम उठून दिसत नाही. दबक्याची सगळी मेहनत नटाच्या आरशापुरतीच उरेल.

तुमच्यासाठी सोनेरी दोरी, म्हणजे कॉर्ड, कापडावर ठेवून टाचायचं काम योग्य. तीन-चार मिलिमीटर जाडीची दोरी घ्या, त्याच रंगाचा शिलाईचा दोरा घ्या आणि दर पाच-सहा मिलिमीटरला एक आडवा टाका घाला. वळणावर टाके जवळ घ्या, कोपऱ्यात एक जादा घाला, नाहीतर कोपरा गोल होतो. दोरीच्या दोन ओळी शेजारी शेजारी टाचल्या की लांबून पट्टी भरीव दिसते.

माप असं काढा. सरळ काठाला जेवढी लांबी तेवढीच दोरी लागते, वेलबुट्टीला साधारण दीडपट. अंगरख्याचा घेर तीन मीटर असेल तर दुहेरी सरळ काठाला सहा मीटर आणि वर एक वेल काढली तर आणखी साडेचार. कापायच्या आधी दोरीला चिकटपट्टी गुंडाळा आणि पट्टीच्या मधोमध कापा. उघडं टोक कापल्याकापल्या सुटतं. टोक मोठ्या नेढ्याच्या सुईने कापडाच्या मागे घ्या आणि तिथेच टाचून टाका. वरच्या बाजूला गाठ मारली तर ती पहिल्याच अंकात तलवारीत अडकेल.

नक्षी थेट अंगरख्यावर भरू नका. वेगळ्या कापडावर भरून मग अंगरख्यावर शिवा. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या पोशाखांचं भरतकाम करणाऱ्या मिशेल कॅरॅगर यांचीही रीत तीच: आधी पातळ पारदर्शक रेशमी कापडावर नक्षी, मग ती पोशाखावर. यात दोन फायदे आहेत. चूक झाली तर कापड वाचतं, आणि घामेजलेला अंगरखा धुवायच्या वेळी नक्षीचा पट्टा उसवून बाजूला ठेवता येतो. पट्ट्याच्या मागे जाड सुती कापड लावा, नाहीतर दोरीच्या वजनाने पुढचं कापड चुण्या पडून लोंबतं. मखमल रिंगेत घालू नका. दाबलेली लव उठत नाही, गोल वण कायमचा राहतो. गळ्याला आतून सुती अस्तर हवंच, कारण तांब्यावर मुलामा दिलेली जर घामाने आधी तिथेच काळी पडते. प्लास्टिकच्या टिकल्या लावल्या असतील तर त्यावर इस्त्री फिरवू नका, आकसून वाकड्या होतात.

रंगांबद्दल एक गोष्ट. भडक जांभळा टाळा. तो कृत्रिम रंग १८५६ मधला आहे, शिवकाळातल्या सरदाराच्या अंगावर तो शोभत नाही. मालिकांत सर्रास दिसतो म्हणून तुम्हीही तो घ्यायला हवा असं नाही.

पावसाळ्यात जरीचं काम काळं पडतं आणि सुती कापडावर बुरशी येते. उपाय? (वाचक, काणकोण)

आधी जर कोणती ते ओळखा. सुटा धागा जाळून बघा. प्लास्टिकची असेल तर आकसून मणी होते. ती काळी पडत नाही, पण गरम इस्त्रीने वितळते. चांदीची जर हवेतल्या आणि रबरातल्या गंधकाने काळवंडते, तांब्याची खारट दमटपणाने. म्हणून जरीच्या कामाला रबरबँड लावू नका, डांबरगोळ्या टेकू देऊ नका, अत्तर तर लांबच ठेवा. चिंच-लिंबाने घासून चमक येते खरी, पण मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसात ती दुप्पट वेगाने काळी पडते.

प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो. जुन्या, धुतलेल्या मलमलीत गुंडाळी करून ठेवा. घडी घातली तर घडीवर जर तुटते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, रंग बदलला की त्या गरम करून पुन्हा वापरा. पाऊस ओसरला की कोरड्या दिवशी सावलीत हवा द्या. बुरशी आली असेल तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती पसरते. घराबाहेर नेऊन, नाकाला कापड बांधून, पूर्ण सुकल्यावर मऊ ब्रशने झाडा.

आणि अर्धवट कामात सुई टोचून ठेवू नका. जून-जुलैत दोन दिवसांत गंजाचा ठिपका पडतो. पांढऱ्या सुती कापडावरचा डाग लिंबू-मिठाने जातो, पण शेजारी रंगीत दोरा असेल तर त्याचाही रंग उतरतो.

नक्षी उतरवायला आपोआप पुसला जाणारा पेन घेतला. तीन-चार तासांत रेषा गायब! पेन खराब आहे का? (वाचक, पणजी)

पेन ठीक आहे, हवा गोव्याची आहे. ही शाई हवेतल्या बाष्पाने उडते, त्यामुळे पावसाळ्यात लवकर जाते. एका बैठकीत संपेल तेवढाच भाग आखा किंवा पाण्याने जाणारा पेन घ्या. त्या शाईवर धुण्याआधी इस्त्री केली तर मात्र ती पक्की बसते. उष्णतेने जाणाऱ्या पेनची शाई साधारण ६० अंशांना अदृश्य होते, पण फ्रीझरइतक्या थंडीत परत दिसू लागते. भेट हिमाचलला पाठवणार असाल तर धुऊनच पाठवा.

अद्भुत मालिकेतल्या राणीच्या ड्रेससारखे ड्रॅगनचे खवले भरायचे आहेत. (वाचक, वास्को)

कौलारू छप्पर शाकारतात तसं करा, खालून वर. आठ मिलिमीटर रुंदीचे अर्धगोल विटांसारखे एकाआड एक आखा, ओळींत पाच मिलिमीटर अंतर ठेवा. प्रत्येक खवला काजाच्या टाक्याने भरा. टाक्यांची मुळं वरच्या मध्यबिंदूत एकाच छिद्रात आणि काठ कमानीवर. सगळ्यात खालची ओळ आधी भरा, म्हणजे वरच्या खवल्याचा काठ खालच्याची मुळं झाकतो. एका खवल्याला सात-आठपेक्षा जास्त टाके नकोत, ते छिद्र मोठं होऊन कापड फाटतं. म्हणून घट्ट विणीचं कापड घ्या.

राखाडी-हिरवे दोन पदर आणि एक चमकीचा धागा एकत्र ओवा. चमकीचा धागा ३० सेंटीमीटरहून लांब नको आणि सुई एक माप मोठी हवी. लहान नेढ्यात त्याचं आवरण सोलून निघतं आणि आतला दोरा उघडा पडतो. दर तीन ओळींनी छटा थोडी उजळत न्या. हिशेब आधी करा: १० सेंटीमीटर चौकोनाला साधारण २४० खवले, म्हणजे १,७०० ते १,९०० टाके. पूर्ण ड्रेसचा विचार सोडून खांद्यांवरच भागवा. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्येही खवल्यांची नक्षी राणीच्या पोशाखांवर हळूहळूच वाढत गेली.

पोर्तुगीज काळातलं खरं भरतकाम गोव्यात कुठे बघता येईल? (वाचक, साखळी)

जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात. पाद्रींच्या वस्त्रांवरचा सोन्याचा धागा जवळून बघा, तो कापडातून आरपार जात नाही, वर ठेवून टाचलेला असतो. पेडणेच्या वाचकांना सांगितलेली रीत तीच. त्या काळात पोर्तुगीजांसाठी बंगालमध्ये सातगाव भागात पिवळसर टसर रेशमाने साखळी टाक्यात पांघरुणं भरली जात. त्यांना ‘कोल्शा’ म्हणतात. ती बघायची तर लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट किंवा लिस्बनचं राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालय.

कुणबी साडीच्या चौकड्यांवर क्रॉस स्टिच होईल का? (वाचक, केपे)

जुन्या हातमागाच्या साडीवर सुई चालवू नका. तशा चौकड्यांचं नवं कापड घेतलं तर होईल, पण आधी पट्टीने मोजा. दहा चौकडे आडवे किती आणि उभे किती? आडवे १० सेंटीमीटर आणि उभे ११ भरले तर तुमची नक्षी तेवढीच लंबुळकी होणार. मग नमुन्यातल्या दर अकरा उभ्या चौकटींमागे एक गाळा, साधारण बरोबर येतो. दोरा लाल असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून रंग जातो का ते आधी बघा. भरून झाल्यावर रंग उतरलाच तर कापड सुकू देऊ नका. गार पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळत राहा आणि डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री लावू नका.