नास्तिक माणूस देशभक्त असू शकतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की ज्याची देवावर श्रद्धा नाही त्याची देशावर तरी निष्ठा कशी असेल? मी नास्तिक आहे, माझे वडील श्रद्धाळू आहेत. त्यामुळे या प्रश्नावर घरातच पुष्कळ वाद घालून झाले आहेत. माझे उत्तर: असू शकतो, आणि त्यासाठी त्याला देवाची उसनवारी करावी लागत नाही.

भगतसिंगांचा 'मी नास्तिक का आहे' हा लेख मिळवून वाचाच. १९३० साली लाहोरच्या तुरुंगात त्यांनी तो लिहिला. अहंकारामुळे हा देव मानत नाही, या आरोपाला ते उत्तर होते. त्यातली एक जागा मला दर वेळी थांबवते. श्रद्धाळू माणसाला मरताना पुनर्जन्माची किंवा स्वर्गाची आशा असते, असे ते म्हणतात. आपल्याला मात्र माहीत आहे की गळ्यात दोर पडेल, पायाखालची फळी सरकेल, तो शेवटचा क्षण. पुढे काही नाही. बदल्यात काहीही मिळणार नाही हे पक्के ठाऊक असताना तेविसाव्या वर्षी फासावर गेलेल्या माणसाच्या देशप्रेमाला आणखी कोणते प्रमाणपत्र हवे?

पण याच लेखात ते काकोरी खटल्यातल्या सहकाऱ्यांविषयीही आदराने लिहितात. रामप्रसाद बिस्मिल कट्टर आर्यसमाजी होते. अशफाक उल्ला खान श्रद्धाळू मुसलमान होते. दोघेही १९ डिसेंबर १९२७ रोजी फाशी गेले. त्यांना बळ श्रद्धेतून मिळाले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आपल्याकडचेच पाहायचे तर धर्माभिमानी टिळक आणि देवाधर्माची बुद्धीने चिकित्सा करणारे आगरकर यांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. पुढे मतभेद होऊन दोघे दुरावले. सनातन्यांनी तर आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. पण तुरुंगात जाताना दोघांचे कारण एकच होते.

मग नास्तिकावरच संशय का येतो? मला वाटते, तो फक्त नास्तिकावर येत नाही. १९८५ मध्ये केरळमधल्या एका शाळेने तीन भावंडांना काढून टाकले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत, कारण त्यांच्या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेत ते बसत नव्हते. म्हणजे इथे अडचण झाली ती श्रद्धा असल्याची! १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला: गाण्याची सक्ती करणारा कायदा नाही, आणि आदराने उभे राहणे हा अपमान नव्हे. देव न मानणारा असो की वेगळ्या रीतीने मानणारा, चारचौघांसारखा नसला की त्याच्याकडे निष्ठेचा पुरावा मागितला जातो.

आपल्या घटनाकारांनी हा पुरावा मागितला नाही. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी संविधान सभेत सुचवले, की उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी. सभागृहात देव मानणारे पुष्कळ होते, तरी सूचना ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. देव मानणाऱ्यांनीही, न मानणाऱ्यांवर तो लादायचा नाही, असे मत दिल्याशिवाय हे झाले नसते.

खासदार-आमदारांची शपथ पाहा. 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो', यातले जे पटेल ते म्हणायचे. वडील पहिले म्हणतील, मी दुसरे म्हणेन. त्यापुढे संविधानाबद्दल 'खरी श्रद्धा व निष्ठा' बाळगण्याचे जे वाक्य येते, ते मात्र आम्हा दोघांनाही तसेच्या तसे म्हणावे लागेल, आणि त्यातला 'श्रद्धा' हा शब्द उच्चारताना माझी जीभ अडखळणार नाही.