विषय काढणारे गप्प का होतात?

“मॅडम, विषय मीच काढतो, लोक बोलू लागतात आणि नेमका तेव्हाच मी काढता पाय घेतो. माझ्यात चिकाटीच नाही का?” ही खंत मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की तिच्यावर सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. भावंडांसमोर आईच्या औषधपाण्याच्या खर्चाची गोष्ट काढणारी बहीण असो किंवा कार्यालयात कामाच्या वाटणीवर चर्चा मागणारा कर्मचारी असो, पहिला प्रतिप्रश्न येताच ही माणसे अवाक्षर काढत नाहीत. घरचे त्यांना आरंभशूर म्हणतात, आणि हळूहळू त्यांनाही ते पटू लागते. मला मात्र त्यांच्यात आळस क्वचितच आढळला.

ठाण्यातील एका जुन्या इमारतीत राहणारे, पन्नाशीच्या जवळ आलेले एक गृहस्थ माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) गृहनिर्माण संस्थेच्या एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली, तर समितीला विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. यांनी दारोदार फिरून तेवढ्या सह्या जमवल्या, सभेत पुनर्विकासाची गरज उत्तम मांडली, आणि प्रश्न सुरू झाल्यावर “समिती बघेल” असे म्हणून ते खाली बसले. पुढच्या सभेला ते गेलेच नाहीत. शेजाऱ्यांना टाळण्यासाठी जिन्याच्या वेळाही त्यांनी बदलल्या. घरीही तेच चालले होते. मुलीच्या महाविद्यालयाची गोष्ट स्वतः काढायची आणि पत्नीने “म्हणजे नक्की काय करायचे?” असे विचारले की ताटावरून उठायचे.

बऱ्याच भेटी कारणे शोधण्यात गेल्या. वेळ नाही, लोक कृतघ्न आहेत, राजकारण नको, असे ते सांगत राहिले. एके दिवशी मी त्यांना सभेतले प्रश्न जसेच्या तसे कागदावर लिहायला सांगितले. त्यांनी न अडखळता लिहिले: बांधकाम चालू असताना घरभाडे कोण देणार? तळमजल्यावरच्या दुकानदारांचे काय? वाढीव जागा किती मिळेल?

“यातल्या कोणत्या प्रश्नात तुम्हाला कमी लेखले आहे?” मी विचारले.

त्यांनी कागद पुन्हा वाचला. “कशातच नाही.”

“मग तुम्ही खाली का बसलात?”

“मला उत्तरे माहीत नव्हती.”

“इतरांना होती?”

“नव्हती. पण विषय मी काढला होता ना! मला माहीत असायलाच हवे होते.”

इतके महिने आम्ही ज्याच्याभोवती घुटमळत होतो, ते त्यांच्याच तोंडून आले, आणि त्या क्षणाचे मोल मला आजही वाटते. चर्चा सुरू करणाऱ्याकडे तिची सगळी उत्तरे असलीच पाहिजेत, असा दंडक त्यांनी स्वतःवर लादून घेतला होता. त्यामुळे शेजाऱ्याची साधी शंका त्यांना आपल्या कुवतीवरचा निकाल वाटत होती, आणि निकाल ऐकण्यापेक्षा निघून जाणे कोणालाही सोपेच वाटते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवलेली विवेकनिष्ठ विचारसरणी मी कामात वापरते, ती याच कारणासाठी. माणूस प्रसंगाने जितका खचतो त्याहून अधिक प्रसंगाविषयीच्या स्वतःच्या हट्टाने खचतो, असे ती सांगते. एलिस एकोणिसाव्या वर्षी फार बुजरे होते. न्यूयॉर्कमधील ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जाऊन त्यांनी सुमारे शंभर अनोळखी स्त्रियांशी ठरवून संभाषण सुरू केले. एकीनेच पुन्हा भेटायचे कबूल केले, तीही आली नाही. पण नकाराने आपले काही बिघडत नाही, हे त्यांना उमगले. हा किस्सा मी त्या गृहस्थांना सांगितला आणि सभेत एकदा तरी “मला माहीत नाही, विचारून सांगतो” असे मोठ्याने म्हणून पाहायला सुचवले.

तुमचीही अशीच तक्रार असेल, तर तोंड उघडण्यापूर्वीच आपल्याला काय हवे आहे ते ठरवा आणि तसे बोलून दाखवा: सल्ला, निर्णय, की कोणीतरी नुसते ऐकून घेणे. पुष्कळांना मन मोकळे करायचे असते आणि समोरचा उपाय सुचवू लागतो, तेव्हा दोघेही दुखावतात. काहींना केवळ होकार हवा असतो. त्यांनी तो सरळ मागावा, चर्चेचे नाव देऊ नये. आणि ज्यांना उत्तर मिळालेले असते, तेही पुष्कळदा काही न सांगता निघून जातात. त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की ज्यांनी आपल्यासाठी डोके चालवले, त्यांना “माझे काम झाले” एवढे तरी कळवावे. ऐकणाऱ्यांनीही पहिल्याच दमात प्रश्नांची सरबत्ती करू नये.

त्या गृहस्थांनी पुढे तो कागद टंकून समितीला दिला, वास्तुविशारदाला सभेत बोलावण्याची विनंती केली आणि स्वतः हजर राहिले. दुकानदारांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्यावर दर वेळी तेच उभे राहून बोलतात, आणि आपल्याला न कळलेले मुद्देही कळले नाहीत म्हणून सांगतात.