स्टार्ट दाबला की कॅरेक्टर बदलायचा, देवाशप्पथ!

मागच्या अंकात जुन्या फायटिंग गेमांवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच पडला, आणि त्यातली निम्मी तर घरातली भांडणंच आहेत. जमतील तेवढी घेतो.

प्रश्न: दादा, आमच्याकडे मालवणला बाजारात स्ट्रीट फायटर टूचं मशीन होतं. र्‍यू हवेत उडी मारून फायर मारायचा, एका दमात चार-पाच फायर सुटायचे, काही तर समोरच्याच्या मागे मागे जायचे, आणि मॅच चालू असताना स्टार्ट दाबला की कॅरेक्टरच बदलायचा. मुंबईचा चुलतभाऊ दर गणपतीला हसतो, म्हणतो 'तू खोटा बोलतस, असा काय नसता'. कोण बरोबर?

उत्तर: दोघंही, पण तुमच्या भावाला आधी सांगा की तुम्ही खोटं बोलत नाही. तुमच्या बाजारात होतं ते रेनबो एडिशन. मूळ गेम काढणाऱ्या कॅपकॉम कंपनीने नाही काढलेलं ते, कोणीतरी चॅम्पियन एडिशन म्हणजे त्याच गेमच्या पुढच्या आवृत्तीच्या चिपमधला प्रोग्राम उघडून त्यात वाट्टेल ते बदल केले आणि चोरून विकलं. टायटलची अक्षरं इंद्रधनुष्यासारखी रंगीबेरंगी म्हणून रेनबो. आपल्याकडे गावोगावच्या पार्लरमध्ये हेच पोचलं, त्यामुळे किनारपट्टीवरच्या आख्ख्या पिढीला हवेतला फायर म्हणजेच खरा स्ट्रीट फायटर वाटतो, मलाही वाटायचा. स्टार्ट दाबून गाईलचा झांगिफ झाला आणि समोरचा पोरगा 'चिटिंग चिटिंग' करत मालकाकडे पळाला हे मी स्वतः बघितलंय. मालकाने त्याला हाकलला, कॉइन पडला की त्याचं काम झालं.

खरी मजा पुढे आहे. या चोरीच्या आवृत्त्या एवढ्या चालायला लागल्या की कॅपकॉमलाच उत्तर द्यावं लागलं, १९९२च्या डिसेंबरात त्यांनी हायपर फायटिंग काढली, तिचा वेग वाढवला, चुन-लीला फायर दिला, धालसिमला गायब होऊन दुसरीकडे उगवायला शिकवलं. म्हणजे नकलेने असलला पळायला लावलं! माझ्या मते या सगळ्या मालिकेत खेळायला सर्वात झकास तीच.

आणि तुमच्या भावाने मुंबईत बहुतेक १९९१ची पहिली, 'द वर्ल्ड वॉरियर' खेळली असणार. त्यात फक्त आठ खेळाडू घेता यायचे, चार बॉस नुसते मारायला, आणि दोघांना एकच कॅरेक्टर घेता येत नसे, त्यामुळे र्‍यू कोण घेणार यावर आधी बाहेरच मारामारी. बॉस हातात आले आणि र्‍यू विरुद्ध र्‍यू चालू झालं ते १९९२च्या चॅम्पियन एडिशनमध्ये. पहिल्या आवृत्तीत गाईलच्या चुका पण भरपूर होत्या, एक विशिष्ट चाल करून बटणं दाबली की समोरचा त्याला चिकटून बसायचा, सुटायचाच नाही, आणि दुसऱ्या एका चुकीने तर आख्खं मशीन रीसेट व्हायचं, दोघांचे कॉइन गेले पाण्यात.

पण सगळ्याच चुका काढल्या नाहीत हो. एकामागून एक ठोसे जोडायचे ते कॉम्बो, ते कोणी मुद्दाम ठेवलेले नव्हते. बोनस राऊंडला गाडी फोडायची असते ना, तिथे तपासताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांना दिसलं की वेळ बरोबर साधली तर दोन फटके जोडून बसतात. हे कोणाला जमणार, असं वाटून त्यांनी ते तसंच ठेवलं. पोरांना जमलं. १९९३च्या 'सुपर स्ट्रीट फायटर टू'मध्ये तर किती हिटचा कॉम्बो ते स्क्रीनवर लिहून यायला लागलं.

प्रश्न: टेक्कन थ्रीमध्ये गॉन होता की नव्हता? रत्नागिरीत एसटी स्टँडजवळच्या मोठ्या मशीनवर मी दोन वर्षं खेळलो, एकदा दिसला नाही. बायको चिपळूणची, ती म्हणते तिचा भाऊ रोज गॉनच घ्यायचा.

उत्तर: मेव्हण्याने घेतला असेल, कारण तो टीव्हीला लावलेल्या प्लेस्टेशनवर, तासाच्या भाड्याने खेळत असणार. मोठं मशीन १९९७चं, त्यात गॉन नाहीच. १९९८ला घरच्या प्लेस्टेशनसाठी सीडी आली तेव्हा तो घातला, आणि तो टेक्कनचा पण नव्हे, मासाशी तानाका यांच्या जपानी चित्रकथेतला छोटा डायनोसॉर. एवढा बुटका की वरचे ठोसे डोक्यावरून जातात, म्हणून तर भाऊ घ्यायचा! डॉक्टर बॉस्कोनोविच पण सीडीवरच. अ‍ॅना मशीनवर म्हणजे नीनाचेच दुसरे कपडे, सीडीवर तिला स्वतःची जागा आणि स्वतःच्या चाली मिळाल्या.

मशीनचा बोर्ड प्लेस्टेशनच्याच कुळातला, पण जास्त ताकदीचा, म्हणून सीडीवर चित्र जरा कमी सफाईचं. शिवाय मशीनवर काही कॅरेक्टर पहिल्या दिवशी नसायचेच, दिवस जातील तसे उघडायचे, हेहाची, मोकुजिन वगैरे. आम्ही मात्र मालकाने लपवून ठेवलेत म्हणून त्याला शिव्या घालायचो. समुद्राच्या खाऱ्या हवेने त्याच्या जॉयस्टिकच्या पत्र्या गंजायच्या, तो सॅंडपेपर घेऊन बसायचा, बिचारा.

प्रश्न: मॉर्टल कॉम्बॅटमधला हिरवा रेप्टाइल खरा की अफवा? वेंगुर्ल्यातल्या मशीनवर आम्ही पिटवर, म्हणजे त्यातल्या पुलावरच्या लढाईत, पूर्ण मे महिना घालवला.

उत्तर: खरा, पण प्रत्येक मशीनवर नाही! १९९२चा तो गेम बाजारात आल्यावरही बदलत राहिला आणि रेप्टाइल रिव्हिजन ३.० पासून घातला, त्याआधीची चिप असेल तर मे काय, पावसाळा गेला तरी येणार नाही. असला तरी पिटवर चंद्रापुढून काहीतरी सरकताना दिसायला हवं, दोन्ही राऊंड एकही फटका न खाता जिंकायचे, ब्लॉकला हात लावायचा नाही आणि शेवटी फेटॅलिटी, म्हणजे हरलेल्याला संपवायची खास चाल. ब्लॉक न करता! आमच्यात तर कोणी गोरो नावाच्या बॉसपर्यंत पण ब्लॉकशिवाय पोचला नव्हता.

लाल निंजा एर्मॅकचं मात्र उलट. मशीनच्या हिशोबाच्या मेनूत 'एर्मॅक्स' असं दिसायचं, ते होतं प्रोग्राममधल्या चुका मोजायचं नाव, पोरांनी त्याचा निंजा करून टाकला. इतकी बोंब झाली की १९९५च्या अल्टिमेट मॉर्टल कॉम्बॅट थ्रीमध्ये कंपनीने तो खरोखरच आणला.