मेडिकलच्या आधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

सैन्यभरतीच्या मेडिकलआधी पाठवलेला तुझा मेसेज वाचला. प्रश्न चार ओळींत आणि माफी दहा ओळींत. माफी कसली मागतोस? दवाखान्यात येऊन 'पोट दुखतंय' म्हणायचं आणि उठून दाराशी गेल्यावर हळूच खरं दुखणं काढायचं, ही आपल्याकडच्या पुरुषमंडळींची जुनी रीत. तू निदान सरळ लिहिलंस. बाबांना सांगणार नाही, निश्चिंत राहा.

आधी डाव्या-उजव्याचं बघू. डावा गोळा, म्हणजे वृषण, उजव्यापेक्षा खाली लोंबतो म्हणून तू हैराण आहेस. बहुतेक पुरुषांचा तसाच असतो. दोन्ही एका पातळीवर असायला हवेत, असा कुठलाही नियम नाही. शरीराच्या आतल्या तापमानात शुक्राणू नीट तयार होत नाहीत, त्यांना दोन-तीन अंश कमी लागतं, म्हणून ही पिशवी बाहेर टांगलेली. थंडीत ती आवळून वर जाते, उन्हाळ्यात सैल पडते. भरतीच्या अकॅडमीत पहाटे धावताना ती 'गायब' होते आणि दुपारी 'लोंबते' असं तू लिहिलंयस, त्याचं कारण हेच.

मात्र सैन्याच्या मेडिकलमध्ये डॉक्टर तिथे हात लावून बघतात, ते उगाच नाही. हायड्रोसिल म्हणजे गोळ्याभोवती पाणी साचणं आणि व्हेरिकोसिल म्हणजे तिथल्या शिरा फुगणं, या दोन गोष्टींवर मुलं बाद होतात. व्हेरिकोसिल बहुतेक वेळा डावीकडेच होतं. डावीकडची शीर लांबवर चढत जाऊन मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, त्यामुळे रक्त मागे तुंबायला वाव मिळतो. तू स्वतः बघू शकतोस. उभा राहा, श्वास रोखून पोटावर जोर दे आणि गोळ्याच्या वरच्या बाजूला चाचप. बोटांना शिजवलेल्या शेवयांचा गुंता लागल्यासारखं वाटलं आणि आडवं झाल्यावर तो विरला, तर डॉक्टरला दाखव. शंभरातल्या पंधराएक पुरुषांना हे असतं, त्यातल्या बहुतेकांना मुलंबाळं होतात, काहींना तर ते असल्याचा पत्ताही नसतो. पण तुला भरती व्हायचंय. शस्त्रक्रिया करून जखम भरायला वेळ लागतो, त्यामुळे ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, मारून झाल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आता तुझा मुख्य प्रश्न. झोपेत वीर्य जातं, म्हणून दम कमी पडतो का? नाही. हस्तमैथुनाने गुडघे दुखतात का? नाही. तुझे गुडघे डांबरी रस्त्यावर झिजक्या बुटांनी धावल्यामुळे दुखतायत, बूट बदल. वीर्य रक्तापासून बनतं, शंभर थेंब रक्ताचा एक थेंब, हे कुणीतरी तुला सांगितलंय, ते खोटं. वीर्यात शुक्राणू असतात ते जेमतेम पाच टक्के. बाकीचा द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा, त्यातही मोठा वाटा शुक्राशयाचा. लाळेसारखाच रोज तयार होणारा स्राव आहे तो, साठवून ताकद वाढत नाही. संडासला जोर दिल्यावर चिकट थेंब येतो तो बहुधा प्रोस्टेटचा, आणि लघवी कधी गढूळ दिसते ती बऱ्याचदा क्षारांमुळे. दोन्हींना औषध लागत नाही. लघवीला आग होऊन पिवळट पू येत असेल तर गोष्ट वेगळी, तो संसर्ग आहे आणि त्याची तपासणी करायलाच हवी.

'धातू जातो', म्हणजे वीर्य वाया जातं, या भीतीने खंगलेली मुलं आपल्या देशात इतकी आहेत की १९६० साली मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी त्या अवस्थेला 'धात सिंड्रोम' असं नावच दिलं. मुलाला झोप येत नाही, भूक मरते, छाती धडधडते. हे सगळं खरं असतं, पण ते भीतीमुळे होतं. या भीतीवर जगणाऱ्या भोंदूंच्या जाहिरातींनी एस.टी. स्टँडच्या भिंती रंगल्यात. र. धों. कर्व्यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ मध्ये या विषयांसाठी मराठी मासिक सुरू केलं, त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. शंभर वर्षं होत आली आणि आमची पोरं अजून भिंतीवर वाचून शिकतात, याचा मला राग येतो. तुझ्यावर नाही. तुझ्या वर्गात प्रजननाच्या धड्याची पानं न शिकवता उलटणाऱ्यांवर.

तुला ज्याची भीती वाटते ते बहुतेक सगळं निरुपद्रवी आहे. आणि ज्याला खरंच घाबरायला हवं त्याचा तुझ्या मेसेजमध्ये उल्लेखही नाही.

पहिली गोष्ट, पीळ. गोळा आत एका नाडीवर लटकलेला असतो, त्यातूनच रक्तवाहिन्या येतात. कधी कधी तो स्वतःभोवती फिरतो, नाडीला पीळ बसतो आणि रक्त बंद होतं. हे सगळ्यात जास्त होतं बारा ते अठरा वयात, पण तुझ्या वयातही होतं. पुष्कळदा झोपेत, कधी खेळताना. एका बाजूला अचानक असह्य कळ येते, मळमळतं, उलटी होते, गोळा वर ओढला जातो. कळ ओटीपोटात जाते आणि मुलगा लाजेने तेवढंच सांगतो. असा एक मुलगा माझ्याकडे आला होता. आदल्या रात्रीपासून दुखत होतं, घरात आई आणि आजी, सांगणार कुणाला? ओवा खाल्ला, गरम पिशवीने पोट शेकलं. सकाळी चालत आला तो पाय फाकवून, आणि त्या चालीवरूनच मला कळलं. पँट उतरवायला सांगितली तर रडायला लागला. गोळा काळानिळा, कडक. जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवला, पण तो काढूनच टाकावा लागला. पहिल्या सहा तासांत पीळ सोडवला तर बहुतेक वेळा वाचतो, दिवस उलटला की क्वचितच. सर्जन दुसरी बाजूही टाके घालून बसवतो, म्हणजे तिथे पुन्हा तसं होत नाही. तो मुलगा आता दोन लेकरांचा बाप आहे. एक गोळा पुरतो. पण तो गेला केवळ लाजेपायी. म्हणून सांगतो, अकॅडमीच्या हॉलमध्ये तुला किंवा शेजारच्या पोराला रात्री दोनला अशी कळ आली, तर सरांना उठवायचं, गाडी काढायला लावायची, आणि जिथे सर्जन आहे तिथेच जायचं. सकाळपर्यंत थांबायचं नाही, गोळी खाऊन बघायचं नाही.

दुसरी गोष्ट, गाठ. महिन्यातून एकदा गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर, कातडी सैल असताना, प्रत्येक गोळा अंगठा आणि दोन बोटांत धरून हळू फिरव. मागच्या बाजूला मऊ दोरीसारखं लागेल, ते अधिवृषण, शुक्राणू साठवणारी नळी, ते असायलाच हवं. गोळ्यातच वाटाण्याएवढं कडक, न दुखणारं काही लागलं तर सोनोग्राफी करून घे. कर्करोग तिथे क्वचित होतो, पण झाला तर बहुधा तरुणपणीच, आणि लवकर सापडला तर जवळजवळ नेहमी बरा होतो. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने सूज अंगावर काढली. १९९६ मध्ये निदान झालं तेव्हा आजार फुप्फुसात आणि मेंदूत पोचला होता. तरीही तो वाचला.

हाच आर्मस्ट्राँग पुढे उत्तेजकांपायी टूर द फ्रान्स शर्यतीची सातही विजेतेपदं गमावून बसला, त्यावरून तिसरी गोष्ट. तुझ्या जिममधला तो दादा 'कोर्स मार' म्हणतोय ना? कोर्स म्हणजे इंजेक्शनं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बाहेरून टोचलं की मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीला वाटतं, माल भरपूर आहे. ती वृषणांना हुकूम देणं बंद करते. वृषणं आकसतात आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. दंड फुगलेला आणि तपासणीत शून्य, असं बघितलंय मी. बंद केल्यावर बहुतेकांचं परत येतं, पण महिने जातात, काहींना वर्षाच्या वर लागतं, काहींचं पूर्ण येतच नाही. एक शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे आज केलेल्या वेडेपणाचा हिशेब तीन महिन्यांनी दिसतो. तंबाखू, गुटखा, सिगारेट याच खात्यात.

बाकीचं भराभर. पुढची कातडी मागे घेऊन रोज साध्या पाण्याने धू आणि परत पुढे आण. मागेच अडकली आणि सूज आली तर लगेच दवाखाना. धावताना लंगोट किंवा सपोर्टर घाल, पण घामेजलेला तसाच अंगावर ठेवून झोपू नकोस. जांघेत गजकर्ण झालं तर औषध दुकानदार देतो ते 'सगळ्यावर चालणारं' मलम लावू नकोस. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, दोन दिवस खाज थांबते आणि मग ते मांडीभर पसरतं. हॉलमध्ये कुणाला गालगुंड झालं तर त्याच्यापासून लांब राहा, वयात आल्यावर ते वृषणावर उतरू शकतं. आणि संबंध आला तर निरोध, दर वेळी, पाकिटात महिनोन्महिने दाबून ठेवलेला नव्हे. लांबीबद्दल विचारलंयस, त्याला उत्तर एवढंच की मोबाइलमधले व्हिडिओ मोजपट्टी नव्हेत.

येत्या रविवारी सुट्टी आहे म्हणतोस. सकाळी ये, दवाखान्यात गर्दी नसते. तपासायला पाच मिनिटं लागतील. शिरांची शंका वाटली तर तिथूनच सर्जनला फोन करतो, सोनोग्राफी त्याच आठवड्यात होईल, म्हणजे मेडिकलला हातात वेळ राहील. जिममधून आणलेली बाटली असेल तर तीही घेऊन ये, लेबल फाडू नकोस.

तुझा
डॉक्टरकाका