कराटेच्या क्लासला चष्मा: कधी ठेवायचा, कधी काढायचा, त्याऐवजी काय

रावेरच्या ताईंनी विचारलंय की मुलगी तेरा वर्षांची आहे, दोन्ही डोळ्यांचा नंबर -4.50. शाळेतल्या स्वसंरक्षण शिबिरानंतर आता ती कराटेच्या क्लासला जाते. सर म्हणतात चष्मा काढ, आणि काढला की तिला समोरचं दिसत नाही. ताई, सरांचं बरोबर आहे आणि मुलीचंही.

आधी तिला किती दिसतं ते बघू. 100 ला नंबराने भागलं की चष्म्याविना किती सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसतं ते कळतं. -4.50 ला ते 22 सेंमी येतं. कुमितेत, म्हणजे जोडीदाराशी लढण्याच्या प्रकारात, समोरची मुलगी दीड-दोन मीटरवर असते, म्हणजे येणारी मूठ हिला धूसर आणि उशिरा दिसते. मग मान पुढे जाते, डोळे बारीक होतात, हनुवटी वर येते, नाहीतर अंतराचा अंदाज चुकून ती फार जवळ जाते. सर तिला स्टान्सवरून (उभं राहण्याच्या पद्धतीवरून) टोकत असतील तर मूळ इथे असू शकतं. -1 च्या आसपास नंबर असता तर बिनधास्त काढा म्हटलं असतं.

किहोन (मूळ ठोसे-लाथा), काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) आणि एकट्याचा सराव रोजच्या चष्म्यावर चालतो, मागे इलॅस्टिकचा पट्टा लावा. पॅडवर मारणारीलाही चालतो, पण पॅड धरणारीला नाही. लाथ जोरात बसली की पॅड उलटून थेट तोंडावर येतं, आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही. जोडीचा सराव सुरू झाला की रोजचा चष्मा काढायचाच. समोरून धक्का बसला की साध्या फ्रेममधली लेन्स मागे, डोळ्याकडेच निसटते. धातूची कड भुवईखाली कापते. काच असेल तर विषयच संपला, पण ‘फायबरची आहे, फुटत नाही’ हाही गैरसमज आहे. साधी फायबर लेन्स फुटते आणि तिचे टोकदार तुकडे होतात. 1.67 किंवा 1.74 इंडेक्सच्या (हा आकडा जितका मोठा तितकी लेन्स पातळ) महाग लेन्स पातळ दिसण्यासाठी असतात, मार सोसण्यासाठी नाही.

जोडीच्या हलक्या सरावासाठी नंबरचा स्पोर्ट्स गॉगल करून घ्या. दुकानात नेमकं सांगा: लेन्स पॉलिकार्बोनेट (1.59) किंवा ट्रायव्हेक्स (1.53). मायनसची लेन्स मधोमध सर्वांत पातळ असते, म्हणून मधली जाडी 2 मिमीपेक्षा कमी नको, 3 मिळाली तर उत्तम. फ्रेम बिजागरी नसलेली, नाकावर मऊ रबर, मागे रुंद पट्टा. लेन्स बसते त्या खाचेची आतली, डोळ्याकडची कड बाहेरच्या कडेपेक्षा उंच हवी, म्हणजे लेन्स आत निसटत नाही. बोटाचं नख फिरवून पाहिलं तरी हा फरक कळतो. घालून उड्या मारायला लावा, मान झटकायला सांगा, मग अंगठ्याने समोरून हलकं दाबा. पापण्यांचे केस लेन्सला लागले तर ती फ्रेम परत करा.

या गॉगलची मर्यादाही सांगतो. एएसटीएम एफ 803 सारखी खेळाच्या गॉगलची अमेरिकी मानकं रॅकेट, बास्केटबॉल अशा खेळांसाठी केलेली आहेत, गुडघा किंवा गोल लाथेसाठी नाहीत. वर हेडगार्ड चढवलं की गॉगल गालाच्या हाडावर दाबतो. म्हणून पूर्ण जोराच्या स्पारिंगला (लढतीच्या सरावाला) गॉगल नकोच. जागतिक कराटे महासंघाच्या कुमिते नियमांतही साध्या चष्म्याला मनाई आहे, डोळ्यात घालायची सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स स्वतःच्या जबाबदारीवर चालते.

स्पारिंग आणि स्पर्धेसाठी माझं मत स्पष्ट आहे: रोज टाकून द्यायच्या डेली सॉफ्ट लेन्स. मुलगी हात धुऊन स्वतः घालू-काढू शकत असेल तर तेरावं वर्ष लहान नाही. कडक लेन्स नको. चष्म्याचाच नंबर मागवू नका. लेन्स बुबुळावर बसते म्हणून -4.50 चा नंबर साधारण -4.25 होतो, आणि माप डोळ्यांच्या डॉक्टरकडेच घ्यायचं. नळाचं, बोअरचं, जारचं, कुठलंच पाणी लेन्सला लागू देऊ नका, त्यातल्या जंतूंनी बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, हॉलची दारं उघडी, पंखा जोरात. लेन्स कोरड्या पडून टोचतात. लेन्सवर चालणारे ओलाव्याचे थेंब जवळ ठेवा आणि पंख्यासमोर उभं राहू देऊ नका. लाल मातीच्या आखाड्यात मात्र लेन्स घालूच नये. तिथलं काम पकडीवर, स्पर्शावर चालतं.

गॉगल उन्हात गाडीच्या डिकीत ठेवला की कोटिंगला तडे जातात. धुळीचा गॉगल ओढणीने कोरडा पुसला की चरे पडतात, आधी पाण्याने धुवा. थिनर किंवा नेलपेंट रिमूव्हर पॉलिकार्बोनेटला लावू नका.

आता स्वसंरक्षणाचं. रस्त्यात ती चष्म्यावरच असणार, आणि झटापटीत पहिला तोच उडणार. त्या क्षणी हात आपोआप चष्म्याकडे जातो, माणूस वाकतो आणि डोकं उघडं पडतं. ही सवय मोडावी लागते. बिनकाचेची जुनी फ्रेम घालून जोडीदाराने ती हळूच उडवायची. हिने हात चेहऱ्यासमोरच ठेवून दोन पावलं मागे जायचं, मोठ्याने ओरडायचं, फ्रेमकडे बघायचंही नाही. त्याशिवाय आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चष्म्याविना मनगट सोडवणं, मागून मिठी, केस धरणं यांचा सराव द्या, चेहऱ्यावर मार न ठेवता. धूसर दिसतानाही खांदा आणि कंबर कुठे वळते ते कळतं, नजर तिथे ठेवायला शिकवा.

नंबर -6 च्या पुढे असेल किंवा डोळ्याच्या पडद्याचा (रेटिनाचा) आजार झाला असेल तर स्पारिंगआधी थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. तुमच्या मुलीचाही वर्षातून एकदा तपासा. एकाच डोळ्याने नीट दिसत असेल त्याने पूर्ण जोराचं स्पारिंग करू नये. अठरानंतर नंबर काढायचा झाला तर खेळाची कल्पना डॉक्टरांना द्या. लॅसिकमध्ये बुबुळावर केलेली झडप मार लागून पुढे कधीही सरकू शकते, पीआरके आणि स्माइल या नंबर काढायच्या दुसऱ्या पद्धतींमध्ये तशी झडप नसते.

डोळ्याला मार लागला तर चोळू नका, घरातले जुने थेंब घालू नका. चमक दिसणं, काळे ठिपके एकदम वाढणं, पडदा ओढल्यासारखं वाटणं, दोन-दोन दिसणं, डोळ्याच्या काळ्या भागात रक्त साचलेलं दिसणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. डोळ्याखालचं हाड दुखत असेल तर तोवर नाक शिंकरू देऊ नका. काही रुतलं असेल तर ते ओढू नका, पाणी मारू नका, कागदी कप उपडा धरून न दाबता डोळा झाका आणि निघा.