मोर्चा काढत नाहीत, लावतात

प्रश्न असा आहे : 'श्रीरंगपट्टणासारख्या नदीतल्या शहराला फौजेने वेढा घालून बसावं की थेट हल्ला चढवावा, याबद्दलच्या एका लेखात "इंग्रजांनी टिपूच्या राजधानीवर मोर्चा काढला" असं वाचलं. हे बरोबर आहे का? आणि वेढा, एल्गार, सुलतानढवा, मोर्चा यांत फरक काय?'

बरोबर नाही. ऐकून ऐकून कान किटले आहेत. गडावर माहिती सांगणारेसुद्धा हल्ली 'मग सैन्याने किल्ल्यावर मोर्चा काढला' म्हणतात. डोळ्यांपुढे येतं ते फलक घेऊन घोषणा देत कचेरीकडे निघालेलं सैन्य.

बाकीचे शब्द पटकन उरकतो. वेढा हा संस्कृत 'वेष्ट'पासून प्राकृतातून आलेला. दोराचा वेढा तोच, बोटातलं वेढणंही तेच. फेरा पुरा झाला तरच वेढा. एक बाजू मोकळी राहिली तर नुसता तळ. एल्गार मूळ तुर्की, घोडदौडीने घातलेली झडप. सुलतानढवा म्हणजे सगळं बळ एकवटून तटावर केलेला निकराचा हल्ला. तो करायला सुलतान लागत नाही. अरबीत 'सुलतान'चा मूळ अर्थ सत्ता, जोर असा आहे, आणि या शब्दात माणूस नसून तो जोरच आहे असं मी मानतो.

आता मोर्चा. फारसीत 'मूर' म्हणजे मुंगी आणि 'मूरचा' म्हणजे छोटी मुंगी. 'मूरचाल' म्हणजे फौजेने खणलेला आडोशाचा चर. त्यातला 'चाल' आपल्या चालण्यातला नव्हे; फारसीत चाल म्हणजे खड्डा. मुंगीचं बीळ! तटावरून तोफा चालू असताना बेलदार रात्री माती उकरतात, पुढे ढीग रचतात, वाकडातिकडा चर काढत रोज थोडं थोडं भिंतीकडे सरकतात. ज्याने वारुळाशेजारी बसून मुंग्यांचं काम पाहिलं आहे, त्याला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. पुढे त्या चरात बसवलेल्या तोफा आणि माणसं मिळून झाला मोर्चा.

मराठीने हा अर्थ टाकलेलाही नाही. निवडणुकीआधी 'मोर्चेबांधणी' होते. मिरवणूक कोणी बांधतं का? बांधायचा असतो तो मातीचा आडोसा. जेवण आटोपून पाहुणे 'आपला मोर्चा आंब्यांकडे वळवतात', तेव्हा वळतं ते तोफांचं तोंड. (देवावर ढाळतात ते मोर्चेल वेगळं, त्यात खरंच मोर आहे.)

तरीही मोर्चा हा इंग्रजी 'मार्च'चा अपभ्रंश आहे, असं ठासून सांगणारे जाणकार भेटतात. त्यांनी पेशवाईतले कागद उघडले आहेत की नाही, अशी शंका येते. तिथे मोर्चे 'लावतात', 'देतात', 'उठवतात'. चालत कधीच नाहीत. कोशकारांवरही माझा राग आहे. 'फा.' एवढं एक अक्षर टाकून ते मोकळे होतात आणि मुंगी बाहेरच राहते.

मग मिरवणुकीचा अर्थ आला कुठून? माझं मत असं की तो पंजाबातून डोकावतो. १९२२ साली अमृतसरजवळ 'गुरू का बाग मोर्चा' झाला, पाठोपाठ जैतोचा मोर्चा झाला. अकाली शिखांचे जथे एकामागून एक येत, मार खात, तुरुंगात जात, पण जागा सोडत नसत. हा मोर्चा म्हणजे मिरवणूक नव्हे, सरकारसमोर धरलेली आघाडी. पंजाबीत आजही मोर्चा 'लावतात', अगदी आपल्या जुन्या कागदांसारखा. आधी आघाडी, मग आंदोलन, मग आंदोलनाला निघालेली माणसं. ही मधली पायरी हाती असताना 'मार्च' कशाला हवा?

आता श्रीरंगपट्टण. कावेरीच्या दोन पात्रांमधलं हे बेट. इथे वेढा पुरा करायचा तर नदीच्या दोन्ही अंगांना फौज हवी आणि तिला पोसणारी रसद हवी. मे १७९१ मध्ये इंग्रजांचा गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस फौज घेऊन शहरासमोर पोचला, पण पाऊस लागला, बैल मेले, धान्य संपलं आणि स्वतःच्या जड तोफा फोडून त्याला माघारी फिरावं लागलं. वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा भेटल्या, आणि मराठ्यांच्या बाजारातल्या धान्यावर इंग्रजी छावणी जगली. फेब्रुवारी १७९२ मध्ये इंग्रज, मराठे आणि निजाम अशा तिघांच्या फौजांनी शहर आवळलं. चर खणणं चालू झालं होतं. तटावर चढायची वेळ येण्याआधीच टिपू तहाला आला. अर्धं राज्य, ३ कोटी ३० लाख रुपये आणि ओलीस म्हणून दोन मुलगे.

१७९९ मध्ये मराठे बाजूलाच राहिले. ५ एप्रिलला इंग्रजी फौज शहरापुढे आली आणि हल्ला झाला ४ मे रोजी, दुपारी एकच्या सुमारास. मधला महिना खणण्यात गेला. तटाला खिंडार पडलं तेव्हा छावणीतलं धान्य संपत आलं होतं आणि पावसाळा तोंडावर होता. कावेरीला अजून उतार होता, म्हणजे पायी ओलांडण्याजोगं पाणी होतं. पूर आला असता तर खिंडार समोर दिसत असूनही फौज काठावरच थांबली असती. संध्याकाळपर्यंत शहर पडलं, टिपूही मारला गेला. वेढ्यापासून सुलतानढव्यापर्यंत पोचवणारं मधलं काम ते मोर्चाचं, आणि त्या लेखातून नेमकं तेच गायब आहे.

लेखकाला कळवा : 'इंग्रजांनी श्रीरंगपट्टणास मोर्चे लावले.'