दहा महिन्यांच्या जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटरला नॅचरल ॲबिलिटी चाचणीत उतरवायचे आहे. तयारी कशी करावी?

आपण लिहिले आहे की आपण मिशिगनमध्ये राहता, घरात शिकारीची परंपरा कधीच नव्हती, कुत्रा दहा महिन्यांचा आहे, 'बस' आणि 'थांब' या आज्ञा तो उत्तम पाळतो, परसातल्या चिमण्यांवर पॉइंट धरतो (म्हणजे पक्षी जाणवताच त्याच्याकडे रोखून थिजून उभा राहतो), आणि एवढ्या शिदोरीवर त्याला नॅव्हडा या शिकारी कुत्र्यांच्या संस्थेच्या नॅचरल ॲबिलिटी (उपजत क्षमता) चाचणीत उतरवता येईल का, असे विचारले आहे. उतरवता निश्चित येईल. मात्र आज्ञापालनाचे शिक्षण या चाचणीसाठी गरजेपेक्षा जास्तच झालेले दिसते, आणि पक्षी, पाणी व मोकळे रान यांची ओळख कमी पडलेली दिसते. हातात असलेला वेळ यापुढे सगळा या तीन गोष्टींना द्यावा, असे मी कळकळीने सुचवतो. मी स्वतः याच जातीचे कुत्रे या चाचणीतून नेले आहेत आणि स्थानिक शाखेच्या चाचण्यांमध्ये पक्षी लपवण्याचे काम करतो, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

नॉर्थ अमेरिकन व्हर्सटाइल हंटिंग डॉग असोसिएशन, म्हणजेच नॅव्हडा, ही संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली. तिच्या चार चाचण्यांपैकी नॅचरल ॲबिलिटी ही पहिली. कुत्र्याला किती शिकवले आहे हे तीत पाहत नाहीत. आईबापांकडून त्याने काय घेतले आहे हे पाहतात. म्हणूनच वयाची अट कडक आहे: बक्षीस मिळवायचे असेल तर चाचणीच्या दिवशी कुत्रा १६ महिन्यांहून मोठा असता कामा नये. त्यानंतर त्याला केवळ मूल्यमापनासाठी उतरवता येते. आपल्याकडे सुमारे सहा महिने आहेत, पण शाखांच्या चाचण्यांतल्या जागा फार लवकर भरतात. त्यामुळे सदस्यत्व, कुत्र्याची नॅव्हडाकडे नोंदणी आणि प्रवेशअर्ज ही कामे याच आठवड्यात उरकून घ्यावीत.

तीन परीक्षक एकत्रितपणे सात गुणांचे मूल्यमापन करतात: नाक, शोध, माग काढणे, पॉइंट, पाणी, कामाची ओढ आणि सहकार्य. प्रत्येकाला शून्य ते चार गुण मिळतात आणि ते ठरावीक भारांकाने गुणले जातात. नाकाचा भारांक सहा आहे, शोध आणि पाण्याचा प्रत्येकी पाच, पॉइंट आणि कामाच्या ओढीचा प्रत्येकी चार, माग आणि सहकार्याचा प्रत्येकी दोन. अशी एकूण बेरीज ११२ होते. पहिल्या श्रेणीच्या बक्षिसासाठी किमान ९९ गुण लागतात, पण केवळ बेरीज पुरत नाही, प्रत्येक बाबीत किमान गुण ठरलेले आहेत. बाकी सर्व उत्तम असूनही पाण्यात बिचकलेला कुत्रा त्यामुळेच खालच्या श्रेणीत जातो. 'बस' या आज्ञेला या तक्त्यात जागाच नाही, हे आपल्या लक्षात आले असेल.

आता परसातल्या चिमण्यांविषयी. तो पॉइंट डोळ्यांचा आहे. चाचणीत पाहायचा असतो तो नाकाचा. गवतात दडलेला चकोर कुत्र्याला दिसत नाही. वाऱ्यावर वाहून आलेला त्याचा वास ज्या क्षणी नाकात शिरतो, त्या क्षणी धावता कुत्रा मान वळवून जागच्या जागी थिजतो. पुढचा एक पाय अर्धवट उचललेला राहतो, शेपूट ताठ होते, नाकपुड्या मात्र हलत असतात आणि नजर बहुतेकदा कुठेच नसते. हे एकदा पाहिले की दोन्हींतला फरक कोणालाही सांगावा लागत नाही. डोळ्यांनी पॉइंट धरण्याची सवय पक्की होऊ देऊ नये. परसात तो चिमण्यांमागे लागला तर कौतुक न करता त्याला शांतपणे आत न्यावे.

नाकाचा पॉइंट घडवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे सुदृढ, जोमाने उडणारे पक्षी. सरावासाठी बहुतेक जण घरी परतणारी कबुतरे आणि दूरनियंत्रकाने उघडणारा स्प्रिंगचा पिंजरा वापरतात. कुत्र्याला वाऱ्याच्या आडव्या दिशेने न्यावे, म्हणजे त्याला वास अचानक मिळतो. त्याने वास घेतला आणि तरीही पुढे सरकू लागला, तर पक्षी ताबडतोब उडवावा. रेटून गेल्यास पक्षी निघून जातो हे तो पक्ष्याकडूनच शिकतो; आपल्या तोंडून एक शब्दही निघण्याची गरज नाही. पक्षी उडाल्यावर तो मागे धावला तर धावू द्यावे, कारण पक्षी उडताना आणि गोळी झाडताना स्थिर उभे राहण्याची अपेक्षा या चाचणीत नाही. टाळायची गोष्ट एकच: पक्षी कुत्र्याच्या तोंडात सापडणे. पिंजऱ्यात वाढलेले, झोपवून गवतात ठेवलेले अशक्त पक्षी दोनतीनदा सहज पकडता आले की कुत्रा पॉइंट धरण्याऐवजी झडप घालू लागतो, आणि ती सवय मोडायला पुढे फार काळ लागतो. पिंजऱ्याच्या खटक्याचा आवाजही जवळून एकदम ऐकवू नये.

पक्षी लपवताना आणखी एक काळजी घ्यावी. हुशार कुत्रा लवकरच पक्ष्याऐवजी आपल्या पावलांचा माग धरून थेट पक्ष्यापाशी पोहोचतो. म्हणून पक्षी वाऱ्याच्या खालच्या अंगाने जाऊन ठेवू नये, दर वेळी जागा व येण्याजाण्याची वाट बदलावी, आणि जमल्यास पक्षी दुसऱ्या कोणाला तरी ठेवायला सांगावे.

बंदुकीच्या आवाजाबाबत मी विशेष आग्रहाने लिहितो. मैदानातल्या भागात कुत्रा एकटाच किमान २० मिनिटे धावतो आणि त्या वेळी बंदुकीचे दोन फुसके (गोळी नसलेले) बार काढून तो आवाजाला घाबरतो का हे पाहिले जाते. आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्याला बक्षीस मिळत नाही. 'एकदा वाजवून पाहू' म्हणून घराजवळ बार काढणे, किंवा नेमबाजीच्या मैदानावर कुत्र्याला बांधून बसवणे, हे दोन्ही प्रकार कटाक्षाने टाळावेत. कुत्रा पक्ष्यामागे पूर्ण वेगाने धावत असताना, शंभरेक मीटर अंतरावर सोबत्याने लहान फुसक्या पिस्तुलाचा एक बार काढावा. कुत्र्याने कानही हलवला नाही, तरच पुढच्या वेळी अंतर थोडे कमी करावे. क्षणभरही बिचकला तर बंदूक बाजूला ठेवून काही काळ फक्त पक्षी द्यावेत.

माग काढण्याच्या भागात उडता येऊ नये म्हणून पंखांची पिसे काढलेला जिवंत फेझंट (कोंबडीसारखा रानपक्षी) पळवला जातो, आणि त्याच्या सुरुवातीच्या जागी ठेवलेल्या पिसांपाशी कुत्र्याला आणले जाते. थोडे अंतर सोबत जाऊन त्याला मोकळे सोडायचे असते. पक्षी आणलाच पाहिजे असे नाही, एकाग्रता पाहिली जाते. घाईने सोडलेला कुत्रा डोके वर करून मैदानभर शोध घेऊ लागतो, म्हणून तो नाक खाली घालून दोरी ओढू लागेपर्यंत सोडू नये.

पाण्यात त्याला दोनदा पोहावे लागते. वस्तू फेकून त्याला प्रवृत्त करता येते, ती परत आणण्याची सक्ती नाही. उन्हाळा सुरू होऊन पाणी कोमट झाल्यावर उथळ, सावकाश खोल होत जाणाऱ्या काठावर आपण स्वतः आत उतरावे, शक्य असल्यास पोहणारा दुसरा कुत्रा सोबत न्यावा. त्याला उचलून पाण्यात टाकू नये. दरवेळी तोच तलाव नको, कारण ओळखीच्या काठावर आनंदाने उडी घेणारे अनेक कुत्रे चाचणीच्या दिवशी परक्या, वेलींनी भरलेल्या काठावर थबकतात.

सहकार्याचे गुण हँडलरच्या, म्हणजे कुत्रा हाताळणाऱ्याच्या, आरडाओरड्याने हमखास कमी होतात. परीक्षकांना पाहायचे असते की कुत्रा स्वतःहून हँडलरचा मागोवा ठेवतो का, आणि सतत हाका मारल्या तर ते दिसतच नाही. मोठ्या, अनोळखी रानात त्याला मोकळे सोडून आपण न बोलता दिशा बदलत चालावे. आपण कुठे आहोत हे तपासायला तो आपोआप वळू लागतो. आपल्या राज्यात पक्ष्यांच्या विणीच्या काळात रानात सराव देण्यावर बंधने असतात. त्या तारखा नियमावलीत पाहून घ्याव्यात.

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांमुळे शिकार बंद झाली. त्यामुळे आपल्यासारख्या घरांत हे ज्ञान वडीलधाऱ्यांकडून मिळण्याची शक्यता नाही, आणि त्याबद्दल संकोच वाटण्याचे कारणही नाही. शाखेच्या सराव शिबिरांना जावे आणि आपली चाचणी येण्यापूर्वी एका चाचणीत मदतनीस म्हणून उभे राहावे. दिवसाच्या अखेरीस परीक्षक प्रत्येक कुत्र्याचे गुण वाचून दाखवतात. तोपर्यंत अवश्य थांबावे, प्रत्येक कुत्र्याला कुठे किती गुण मिळाले हे लिहून घ्यावे, आणि ज्याचे कारण समजले नाही ते परीक्षकांनाच विचारावे.